करार मालकानेच मोडला तर?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : लिव्ह अँड लायसन्स करारातील अटींचा भंग आणि मुदतीपूर्वी घर सोडण्याचा हक्क

महोदय,

गेल्या वर्षभरात एकाच प्रकारच्या दोन कागदांशी माझी गाठ पडली. एकदा घरमालक म्हणून आणि एकदा भाडेकरूची मावशी म्हणून. माझ्या मालकीची सदनिका मी बावीस महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिली होती. घर केवळ राहण्यासाठी वापरायचे असे करारात स्पष्ट लिहिलेले असताना सातव्या महिन्यात तिथे रोज संध्याकाळी तीस-पस्तीस मुलांची शिकवणी भरू लागली, जिन्यात चपलांचा ढीग साठू लागला आणि सोसायटीचे पत्र अर्थातच माझ्या नावाने आले. करारातल्या कलमाचा क्रमांक घालून मी एक नोटीस पाठवली आणि महिन्याभरात घर रिकामे होऊन किल्ली माझ्या हातात पडली. हे प्रकरण मिटून फार दिवस झाले नसतील, तोच माझ्या भाचीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त ज्या घरात राहत होती, त्याच्या दारावर बँकेची ताबा-नोटीस चिकटवलेली होती. मालकाने गृहकर्जाचे हप्ते थकवले होते. करारात मात्र मिळकत बोजारहित असून तिच्यावर अन्य कोणाचाही दावा नाही, असे वाक्य होते आणि त्याखाली मालकाची सही व अंगठा होता. आपण घर सोडत आहोत असे तिने कळवले, तेव्हा मालकाने लॉक-इनचे कलम पुढे केले. अकरा महिन्यांच्या आत घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घेतले जाईल, असे ते कलम म्हणत होते. तिचे पाच महिने झाले होते.

तिचा आणि माझा असे दोन्ही करार मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. एजंट वेगळे होते, मजकूर मात्र जवळजवळ शब्दाला शब्द सारखा होता. परवानाधारकाने, म्हणजे बोलीभाषेतल्या भाडेकरूने, अट मोडली तर मालकाने काय करावे यासाठी माझ्या करारात नऊ कलमे होती. मालकाने अट मोडली तर काय, यासाठी एकही नव्हते. त्या करारावर मी डोळे मिटून सही केली होती, आणि खरे सांगायचे तर ते माझ्या सोयीचे होते म्हणूनच डोळे मिटले होते. या पत्रात मला जे मांडायचे आहे ते या रिकाम्या जागेविषयी आहे.

महाराष्ट्रात ही रिकामी जागा इतर ठिकाणांपेक्षा अधिक महाग पडते, आणि त्याला कारण आपला कायदाच आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची नुसती परवानगी. त्यातून जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. भाडेपट्टा निराळा असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ प्रमाणे तो जागा उपभोगण्याच्या हक्काचे हस्तांतरण असतो, आणि त्याच अधिनियमाचे कलम १०८ पट्टेदाराला बरेच काही देते. मालकाला ठाऊक असलेला पण सहज न दिसणारा मोठा दोष मालकाने उघड केला पाहिजे. भाडे भरले आणि अटी पाळल्या तर पट्टेदाराला मुदतभर निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही वाजवी वेळेत झाली नाही, तर पट्टेदाराने ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. आग, पूर किंवा तशाच अनावर संकटाने जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला, तर पट्टा संपवायचा की नाही हे पट्टेदाराने ठरवावे. ही कवचे भाडेपट्ट्याची आहेत. लिव्ह अँड लायसन्सवर सही करणारा माणूस ती बाहेर काढून ठेवूनच घरात शिरतो, आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही.

कागदावरचे नाव काहीही असो, खरा व्यवहार काय आहे ते पाहावे, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निकालात मांडला आणि तो आजही आधाराला घेतला जातो. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ च्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, मालक ताबा मागायला जातो तेव्हा कागद बोलतो आणि माणसे गप्प बसतात. मग त्या कागदात एकाच बाजूचे बोलणे असेल, तर दुसरी बाजू कुठून ऐकू येणार?

भाचीच्या प्रकरणाकडे वळते, कारण मुदतीपूर्वी करार संपवण्याचा हक्क नेमका कधी उत्पन्न होतो, हे त्यातून चांगले दिसते. नळ गळतो, शेजारी भांडतो, ऑफिस दूर पडते, ही घर सोडण्याची कारणे झाली; तो करारभंग नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३९ नुसार एका पक्षाने आपले वचन संपूर्णपणे पाळायला नकार दिला किंवा ते पाळणे स्वतःच अशक्य करून ठेवले, तर दुसऱ्या पक्षाला करार संपुष्टात आणता येतो. ज्या घराचा ताबा बँक घेऊ पाहते, ते घर मुदतभर शांतपणे वापरू देण्याचे वचन त्या मालकाने स्वतःच अशक्य करून ठेवले होते. मिळकत बोजारहित असल्याचे त्याचे विधान तर मुळातच खोटे होते, आणि खोट्या निवेदनावर मिळवलेल्या संमतीने झालेला करार कलम १९ प्रमाणे फसगत झालेल्या पक्षाला रद्द करता येतो. त्यातही पुढे असे उघड झाले की, थकीत कर्जासाठी तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी अधिनियम, २००२ च्या कलम १३(२) खालील बँकेची मागणी-नोटीस मालकाला करारावर सही करण्याच्या दोन महिने आधीच मिळाली होती. अशी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीवाचून तारण मालमत्ता विकण्यास, भाडेपट्ट्याने देण्यास किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करण्यास त्याच कलमाचे पोटकलम १३ मनाई करते. लायसन्स हे हस्तांतरण नव्हेच, असा युक्तिवाद मालकाचा वकील करू शकला असता. पण नोटीस खिशात ठेवून 'बोजारहित' या शब्दाखाली अंगठा उमटवण्याला कोणता युक्तिवाद सावरू शकला असता, हे मला सुचत नाही.

भाचीने आधी चौकशी करायला हवी होती, असे कोणी म्हणेल. तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही आहे आणि शुल्क भरून तिच्यात शोध घेता येतो, हे खरे. पण अकरा महिन्यांचे घर शोधणारी मुलगी एजंटच्या दुचाकीमागे बसून एका दुपारी चार घरे पाहते आणि संध्याकाळी टोकन देते. तिने नोंदवही धुंडाळावी ही अपेक्षा कागदावर शोभून दिसते, इतकेच.

कलम ३९ ला एक शेपूट आहे आणि बहुतेक भाडेकरू तिथेच अडकतात. करार चालू राहण्यास आपली संमती आहे असे शब्दांतून किंवा वागण्यातून दाखवले असेल, तर तो संपवण्याचा हक्क उरत नाही. भिंत ओली आहे, मालक 'बघतो' म्हणतो, आपण भाडे भरत राहतो, महिने जातात, आणि एक दिवस संतापून सामान हलवतो. तेव्हा मधले ते गप्प महिनेच आपल्याविरुद्ध साक्ष देतात. म्हणून भंग लक्षात आल्याबरोबर तो लेखी कळवणे, करारातले कलम दाखवणे, दुरुस्त करता येण्याजोगी बाब असेल तर ठरावीक मुदत देणे आणि भाडे भरत राहावे लागले तर ते हक्क राखून ठेवून भरत आहोत असे त्याच पत्रात लिहिणे आवश्यक ठरते. नोटीस पोचपावतीसह टपालाने जावी आणि ईमेलनेही जावी. व्हॉट्सॲपवरचे संभाषण टाकाऊ नसते, मात्र न्यायालयात ते भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रासह दाखल करावे लागते, आणि फोन बदलला की ते गेले असेही घडते. माझ्या भाचीने दारावरच्या नोटिशीचा फोटो काढला, त्याच दिवशी ईमेल केला आणि तिसऱ्या दिवशी टपाल. मालकाने पुढे 'मला काही कळवलेच नव्हते' असा पवित्रा घेऊन पाहिला, तो या तीन कागदांपुढे टिकला नाही.

आता लॉक-इनविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण गैरसमज सर्वाधिक इथेच आहेत आणि ते मालकांच्या बाजूने पसरवले जातात. लॉक-इन म्हणजे काही काळ दोघांनीही करार मोडायचा नाही, असे परस्परांना दिलेले वचन. माझ्या हाती आलेल्या दोन्ही करारांत त्याचे अर्धेच रूप होते. परवानाधारकाने मुदतीआधी जाऊ नये एवढे लिहिलेले. मालकाने मुदतीआधी काढू नये हे नाही, आणि मालकाने अटी पाळल्या तरच हे बंधन राहील, हे तर मुळीच नाही. करार मोडणाऱ्यानेच करारातले बंधन दुसऱ्यावर लादावे हे सामान्य न्यायबुद्धीला पटत नाही, आणि कायद्यालाही ते मंजूर नाही. ज्याने योग्य कारणाने करार रद्द केला, त्याला करार पूर्ण न झाल्यामुळे सोसाव्या लागलेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याचा हक्क करार अधिनियमाचे कलम ७५ देते. म्हणजे मालकाच्या भंगामुळे घर सोडणाऱ्याकडून उरलेले भाडे वसूल होण्याचा प्रश्न तर उद्भवतच नाही, उलट सामान हलवण्याचा खर्च आणि नव्या घराची दलाली त्याला मागता येते.

भाडेकरू विनाकारण निघून गेला तरीदेखील उरलेल्या सगळ्या महिन्यांचे भाडे आपोआप मालकाचे होत नाही. कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी ठरेल एवढीच भरपाई देते. फतेचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निकालापासून कैलाशनाथ असोसिएट्सच्या २०१५ च्या निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र धरले आहे. नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते विचारात घेतले जातील, असे कलम ७३ चे स्पष्टीकरण सांगते. घर पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला दिले गेले, तर मालकाचे नुकसान एका महिन्याचे, सहा महिन्यांचे नव्हे. शिकवणीवाल्या गृहस्थांनी घर सोडल्यावर त्यांच्या डिपॉझिटमधून चार महिने कापून घ्यावेत, असा सल्ला मलाही मिळाला होता. घर तीन आठवड्यांत पुन्हा दिले गेले. मी तीन आठवड्यांचे भाडे आणि रंगाचा खर्च कापला. त्यात औदार्य नव्हते. त्याहून अधिक मागितले असते तर ते सिद्ध करता आले नसते.

मालकांची बाजू मला समजत नाही असे नाही. भाडे थकवणारे, परस्पर पोटभाडेकरू ठेवणारे, मुदत संपल्यावर दार न उघडणारे लोक असतात, आणि त्यांच्याविरुद्ध कायद्याने मालकाला धारदार हत्यार दिले आहे ते योग्यच आहे. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपूनही ताबा दिला नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. कलम ४३ च्या विशेष कार्यपद्धतीप्रमाणे परवानाधारकाने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मिळवली नाही, तर त्याला प्रतिवादच करता येत नाही. असा जवळचा दरवाजा मालकासाठी उघडा असताना, मालकाने डिपॉझिट अडवले तर परवानाधारकाने जायचे कुठे? दिवाणी दावा हे उत्तर आहे, पण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढ्या रकमेसाठी वकील लावून तारखा मोजत बसणारा माणूस विरळा, आणि डिपॉझिट अडवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. घरमालकाने पाणी, वीज अशा अत्यावश्यक सेवा तोडू नयेत असे सांगणारे त्याच अधिनियमाचे कलम २९ आहे, पण त्यात शब्द 'भाडेकरू' असा आहे, 'परवानाधारक' असा नाही. मालकाने मुदतीआधी दाराला कुलूप ठोकले तर सुखाधिकार अधिनियमाचे कलम ६४ भरपाईचा हक्क देते खरे, पण तो बजावण्यासाठीही पुन्हा न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमात या बाबतीत बरीच स्पष्टता आहे. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. दुरुस्तीशिवाय घर राहण्याजोगे नसेल आणि लेखी कळवूनही मालकाने ती नाकारली, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरूला घर सोडता येते किंवा भाडे प्राधिकरणाकडे जाता येते. हा नमुना आहे आणि तो स्वीकारणे राज्यांवर अवलंबून आहे. तो जसाच्या तसा उचलावा असा माझा आग्रह नाही, कारण १९९९ च्या अधिनियमातल्या काही तरतुदी त्याहून कणखर आहेत. उदाहरणार्थ, कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर आहे. तो तसा नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला' असे सांगणारे एजंट अजूनही भेटतात. मुदत अकरा महिन्यांची असो की अकरा दिवसांची, महाराष्ट्रात नोंदणीला पर्याय नाही.

माझी सूचना साधी आहे. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता घरबसल्या संगणकावर होते, आणि बहुतेक लोक एजंटने आणलेला तयार मजकूर जसाच्या तसा चढवतात. नोंदणी विभागाने आपल्या नमुन्यात मालकाकडून होणाऱ्या करारभंगाचे एक कलम कायमचे घालावे. मालकाचे कोणते दायित्व मोडले असता परवानाधारक किती दिवसांच्या सूचनेने, लॉक-इन असतानाही, निघू शकेल हे त्यात असावे. किल्ली आणि डिपॉझिट यांची देवघेव एकाच बैठकीत, ताबा-पावतीवर दोघांच्या सह्या होऊन व्हावी. मिळकतीवर कर्ज आहे का आणि हप्ते थकीत आहेत का, याचे निवेदन मालकाने करावे आणि ते खोटे निघाल्यास काय होईल तेही तिथेच लिहिलेले असावे. कायद्यात बदल करायचाच असेल, तर डिपॉझिटच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्याच सक्षम प्राधिकाऱ्याला, तशाच मुदतीत, द्यावा. मालकासाठी जी घाई रास्त समजली गेली ती दुसऱ्या बाजूसाठी अवास्तव का ठरावी, हे मला उमगत नाही.

तोवर एक घातक सल्ला मात्र वाचकांनी ऐकू नये. डिपॉझिट बुडणार असे वाटले की शेवटचे दोन महिने भाडे भरायचेच नाही, असे अनुभवी लोक शिकवतात. त्याने पैसे कदाचित वाचतात, पण त्या दिवसापासून करार मोडणारे आपण होतो, आणि मालकाचा आधीचा भंग सिद्ध करण्याऐवजी आपली थकबाकी समजावून सांगत बसावे लागते. माझ्या भाचीला हाच सल्ला तिच्या कार्यालयात तिघांनी दिला होता. तिने किल्ली देण्याच्या दिवसापर्यंतचे भाडे हिशेबाने भरले, रिकाम्या घराचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो मालकासमोर काढले, ताबा-पावतीवर 'डिपॉझिट येणे बाकी' असे लिहून घेतले आणि मगच सामान हलवले. वकिलाच्या दुसऱ्या नोटिशीनंतर, चार महिन्यांनी, डिपॉझिट परत आले. दलालीचे आणि टेम्पोचे पैसे तिने सोडून दिले. ते सोडू नयेत असे माझे मत होते, पण कंटाळा येण्याचा हक्क तिचा होता.

गेल्या महिन्यात मी माझ्या सदनिकेचा नवा करार केला. मालकाने दुरुस्ती, कर्ज किंवा निर्वेध उपभोग यांविषयीचे दायित्व मोडल्यास परवानाधारकाला पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेने, लॉक-इनचे कोणतेही बंधन न लागता, घर सोडता येईल आणि डिपॉझिट किल्लीच्या बदल्यात त्याच दिवशी मिळेल, असे कलम मी त्यात घालायला सांगितले. एजंटने दोनदा वाचले आणि म्हणाला, "काकू, असं कोणी मालक लिहून देत नाही." मी त्याला ते टंकून घ्यायला लावले. नव्या परवानाधारकाने करार वाचताना त्या कलमापाशी थांबून माझ्याकडे पाहिले आणि घरात काही बिघाड आहे का, असे संशयाने विचारले.

आपली विश्वासू,
एक वाचक आणि घरमालक